पाचांतली जागा

लोकर, १९५७

बॉल बॅडमिंटनचा चेंडू पिवळ्या लोकरीचा असतो. राजाजीनगरच्या मातीच्या कोर्टावर एका बाजूला पाच जणी: पुढे दोघी, मध्ये एक, मागे दोघी. मागे डावीकडे अहल्या, उजवीकडे तिची धाकटी बहीण वसुमती. कुठला चेंडू कुणाचा, हे बोलावं लागत नसे. डावीकडे गेला की वसू नुसती मान वळवायची. अक्का मारायची.

पिसं, १९५८

कँटोन्मेंटमधल्या एका क्लबाला शटल खेळणारी मुलगी हवी होती. वसू गेली. वर छप्पर, खाली लाकडी जमीन, वारा नाही. एकटीचा खेळ.

पहिल्याच सामन्यात शटल मागे डाव्या कोपऱ्यात पडलं. वसू मान वळवून उभी.

"कोणाची वाट बघतेस?" कोचनं विचारलं.

१९५९. १९६०. १९६१. १९६२.

सगळं कोर्ट तिचं. चेंडूला लागणारा खांदा विसरला, शटलला लागणारं मनगट शिकलं. कपाटात कप आले. जिंकल्यावर हात मिळवायला समोर फक्त हरलेली असे.

पुन्हा लोकर, १९६३

"मला परत घे, अक्का. म्हैसूरच्या दसऱ्याच्या स्पर्धेला."

"कॅप्टन आहे मी, देवी नाही. पाच जणी आहेत माझ्याकडे."

"माझ्या जागी कोण?"

"गंगव्वा. आणि जागा तिची आहे आता. इतकी वर्षं आम्ही काय तिथं रुमाल टाकून ठेवला होता?"

"चाचणी तरी घे."

"घेते. मग रडायचं नाही."

"मी कधी रडले?"

"गणिताच्या पेपरला."

"अय्यो, ते गणित होतं!"

चाचणी

गंगव्वा बेळगावाकडची, खांद्यानं भक्कम, बोलायला कमी. ती मुकाट बाजूला बसली. वसू तिच्या जागी उभी राहिली. जाळ्यापलीकडे शेजारच्या पाच पोरी.

"माझा!"

"वसू, तो मधला..."

"माझा!"

"अगं, पुढचा तिला सोड..."

"माझा!"

"अक्काचा! अक्काचा!"

"माझा!"

ठक्.

वसूची रॅकेट अहल्याच्या कोपरावर बसली. चेंडू मात्र जाळ्यापलीकडे, कुणाला न पोचणाऱ्या जागी पडला. गुण मिळाला. डावही मिळाला. वसूला वाटलं, झालं काम, आता अक्का म्हणणार की

अक्का म्हणाली

"गंगव्वा खेळेल."

"जिंकलो की आपण!"

"तू जिंकलीस. आम्ही चौघी बघत होतो." अहल्या कोपर चोळत होती. "तू आत आलीस की बाकीच्यांचे पायच हलत नाहीत, वसू. म्हैसूरला एखाद्या दिवशी तुझा हात चालला नाही, तर काय करू मी?"

"शिकेन पुन्हा. सोडायला शिकेन."

"कधी? दसरा तोंडावर आलाय."

गंगव्वा रॅकेटच्या तारा बोटांनी सारख्या करत होती. वर बघत नव्हती.

"मग मला पलीकडे उभी कर," वसू म्हणाली. "मी एकटी. तुम्ही पाच."

"लोक हसतील."

"हसू देत. सराव कुणाशी करणार आहेस? त्या शेजारच्या पोरींशी? त्या चेंडू आला की डोळे मिटतात."

अहल्यानं मैदानाकडे बघितलं, मग बहिणीकडे.

"सरी, राहा उभी," ती म्हणाली.

पलीकडे

पहिला चेंडू गंगव्वानं खांद्यातून हाणला, लांबच्या कोपऱ्यात. वसू पोचली. परत आला. पुन्हा हाणला, दुसऱ्या कोपऱ्यात. तिथूनही परत आला आणि मधल्या मुलीच्या पायाशी पडला. ती खाली बघत राहिली.

"काय बघताय? एकटी आहे ती!" अहल्या ओरडली. "पळा की!"

पळाल्या. पाचही पळाल्या. धडकल्या, एकमेकींवर खेकसल्या, पुन्हा पळाल्या. डाव त्यांनी घेतला, पण कुणाच्या अंगात उभं राहायचं त्राण उरलं नव्हतं.

"अजून एक?" वसूनं पलीकडून विचारलं.

"स्वल्प थांब की गं," गंगव्वा गुडघ्यांवर हात टेकून म्हणाली.