दोघींमधली तार

"इथली छोटी कुठं गेली?" वेधशाळेच्या बाईंनी आपल्या अंकाच्या मुखपृष्ठाच्या प्रुफावर, आकाशाच्या फोटोवर बोट टेकवून विचारलं.

छापखान्याच्या मालकांनी चष्मा वर केला, खाली केला आणि ठोकून दिलं, "तुमच्याकडून फाइल येतानाच काहीतरी गडबड झाली असणार, मॅडम."

"नाही हो," कोपऱ्यातून मावशी म्हणाल्या. "मी काढली. मला धूळ वाटली."

अठ्ठावीस वर्षं मावशी इथं फोटोंवरचे डाग काढत होत्या. आधी ब्रशनं, मग माऊसनं. नवरीच्या गालावरचा वण असो की पुढाऱ्याच्या शर्टावरचा चहा, मावशींचा हात फिरला की सगळं धुतल्या तांदळासारखं. पण येत्या एक तारखेपासून आपोआप डाग काढणारं मशीन येणार होतं आणि मावशींना नारळ मिळणार होता. अशा वेळी कुणी आपल्याच पायावर धोंडा पाडून घेत नाही. पण आपली चूक दुसऱ्याच्या माथी मारणं मावशींना कधी जमलंच नाही.

बाईंनी खुर्ची ओढली. "ती पण दीर्घिकाच आहे, मावशी. कोट्यवधी ताऱ्यांचा संसार. ही मोठी अशी वेडीवाकडी दिसते ना, ती या छोटीमुळे. ती शेजारून हिला ओढतेय."

"म्हणजे आमच्या धाकट्या जाऊबाई," मावशी म्हणाल्या. "आली तेव्हा एवढीशी होती. वर्षाच्या आत सगळं घर तिच्याकडं कललं."

बाई खळखळून हसल्या. मग मावशींनाही धीर आला. "आणि ती तार कसली हो? दोघींच्या मधली? पुसता पुसता मेटाकुटीला आले मी. इकडून पुसली की तिकडून दिसायची."

बाईंचं हसू थांबलं. "तुम्हाला दिसली ती? अहो, वायूची तार आहे ती. मला नुसती शंका होती. आमच्या चौघांनी हा फोटो पाहिला, एकालाही दिसली नाही."

"आता नवीन मशीन येतंय, मॅडम," मालक मध्येच म्हणाले. "असली चूक पुन्हा व्हायची नाही."

"मशीननं ती पुसली असती आणि कुणाला कळलंही नसतं," बाई म्हणाल्या. "यांना पुसताना तरी दिसली."

मालकांनी डोकं खाजवलं. "मशीनचं बघू मग पुढं," ते म्हणाले आणि चहा सांगायला स्वतः बाहेर गेले. मावशींना इतका आनंद झाला, की क्षणभर पडद्यावरचं काही दिसेना.

मूळ फोटो पुन्हा उघडला. दोघी एकेका ठिपक्यावर थांबू लागल्या.

"हा?"

"धूळ. काढा."

"आणि हा?"

"तारा आहे. ठेवा."

अगदी कडेला एक फिकट ठिपका होता. बाई पडद्याला नाक लावून बघत राहिल्या. "हा काय आहे, खरंच सांगता येत नाही, मावशी."

"मग असू दे त्याला," मावशी म्हणाल्या आणि त्यांनी माऊसवरचा हात काढून मांडीवर ठेवला.