मूठ वाळायची आहे

भर समारंभात काकांचा हात बाबांच्या धनुष्याला चिकटला आणि काही केल्या सुटला नाही. असं काहीही घडलेलं नाही, हे मी आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढचं मोकळेपणाने सांगता येईल.

माझं फर्निचर पॉलिशचं दुकान आहे. काका म्हणजे बाबांचे धाकटे भाऊ. बाबा गेले तेव्हा ते आमचं सांत्वन करायला आले आणि सांत्वन अर्धवट टाकून भिंतीवरचं धनुष्य घेऊन गेले. तो खिळा आईने काढलेला नाही. त्यावर ती दुसरं काही टांगतही नाही.

मध्यंतरी तेच धनुष्य घेऊन काका दुकानात आले. तिरंदाजी क्लबच्या वर्धापनदिनाचा पहिला बाण ते सोडणार होते, तोही म्हणे ‘तरुणपणापासून हातात असलेल्या धनुष्यातून’. काका तरुणपणी कॅरम खेळायचे.

वार्निश जागोजागी उडालं होतं. मुठीच्या वर, उजव्या अंगाला, बोटभर रुंद पट्टा घासून गुळगुळीत झाला होता. बाबा डावखुरे. धनुष्य उजव्या हातात धरायचे आणि त्यांचा प्रत्येक बाण त्याच अंगाने घासत जायचा. इतरांचा पट्टा डावीकडे पडतो.

“हा डाग तेवढा घालव बाळा,” काका म्हणाले. “फोटोत वाईट दिसतो.”

फोटोंत बाबांचे डोळे कायम मिटलेले. त्यांचं म्हणावं असं तो पट्टाच काय तो उरला होता. मी बरं म्हणालो. बरं म्हणायला माझं काही जात नाही.

जुनं वार्निश काचेच्या तुकड्याने खरवडलं. पॉलिश पेपर हलक्या हाताने फिरवला, कारण लाकूड झिजलं की धनुष्याचा जोर जातो, आणि धनुष्याशी माझं काही भांडण नव्हतं. मग लाखेचं पॉलिश दिलं. पट्ट्याला पेपर लावलाच नाही. नुसता तेलाचा बोळा फिरवला, तसा तो लांबूनही नजरेत भरायला लागला. राहिली मूठ. वार्निशचा पहिला थर वाळल्याशिवाय दुसरा द्यायचा नाही, हे बाबांनी मला सगळ्यात आधी शिकवलं होतं. मी सगळे थर एका दुपारीच चढवले. वरून साय धरली, आत पाक.

वाळलंय ना, असं काकांनी विचारलं. हात लावून बघा म्हणालो. त्यांनी एक बोट लावलं, पट्टा चमकतोय म्हणजे डाग गेला असं धरलं आणि खूश झाले.

समारंभात त्यांनी डाव्या हातात मूठ आवळली. साय फुटली. बाण निघाला आणि त्यांच्याच बुटाशी पडला. टाळ्या झाल्या. मग धनुष्य अध्यक्षांच्या हाती द्यायचं होतं, ते सुटेना. अध्यक्ष क्लबच्या मैदानावर बाबांच्या शेजारी उभं राहून बाण मारत म्हातारे झालेले. त्यांनी दुसरं टोक धरून ओढून पाहिलं, मग थांबले आणि पट्ट्यावरून अंगठा फिरवला. त्यांना कमी ऐकू येतं, त्यामुळे ते जे बोलले ते सगळ्यांनाच ऐकू गेलं.

“हा डावखुऱ्याचा पट्टा. तुम्ही डावखुरे कधी झालात?”

काकांनी धनुष्य पाठीमागे लपवून पाहिलं. ते काकांपेक्षा उंच आहे.

रिक्षात मावेना म्हणून काका चालत आमच्याकडे आले. दार आईने उघडलं.

“आलास का घरी,” ती धनुष्याला म्हणाली. काकांकडे तिने बघितलंही नाही.

स्पिरिट आहे का, काकांनी विचारलं. आहे, मी म्हणालो, पण त्याने पॉलिश उतरतं. आई स्टूल घेऊन खिळ्याखाली गेली.

तरी क्लबच्या कार्यकारिणीस नम्र विनंती की, सदर धनुष्य मूळ खिळ्यावर टांगण्यास, व त्यास जोडलेले काका मूठ पूर्ण वाळेपर्यंत आहे त्या स्थितीत लटकत ठेवण्यास, परवानगी मिळावी. सोडवणे अगदीच अपरिहार्य ठरल्यास काकांना खरवडावे. धनुष्यास काच लावू नये.