वानशियानचा वरचा पदर

नदीकाठचं जुनं वानशियान शहर धरणाच्या पाण्याखाली गेलं, तेव्हा रान कुटुंबाकडे उरलं ते एक शाईचं चित्र. पणजोबांच्या वेळचं. नदी, घाटाच्या पायऱ्या, उतरंडीसारखी एकावर एक चढलेली घरं. रोज जेवण झालं की म्हातारे रान त्यावर बोट फिरवत आपल्या दारापाशी येत, तिथे जरा थांबत, मग झोपायला जात.

मागचा कागद सुटायला लागला म्हणून त्यांच्या लेकीने, जिंगलानने, चित्र मढवणाऱ्या गोंगकडे नवा पाठकागद लावायला दिलं. गोंग मूळचा त्याच घाटावरचा. आपला माणूस म्हणून दिलं, तिथेच चूक झाली. चित्र परत आलं आणि म्हाताऱ्याचं बोट पायऱ्यांवरच भरकटलं. दार सापडेना. "डोळे गेले गं माझे," एवढंच म्हणाले, आणि त्या दिवसापासून चित्र मागणंच सोडलं.

जिंगलानने चित्र खिडकीशी नेलं. शाई फिकी. काजळीची शाई कागद जळेपर्यंत फिकी होत नाही, हे तिकडे शेंबडं पोरही सांगेल. मग तिच्या डोक्यात उजेड पडला, आणि तळपायाची आग मस्तकात गेली. जुना कागद दुपदरी. मेल्याने तो भिजवून सोलला, वरचा काळाभोर पदर स्वतःला ठेवला आणि शाई झिरपून उमटलेला खालचा पदर यांच्या गळ्यात मारला.

ती गोंगच्या दुकानात सरळ आतल्या खोलीत घुसली. वाळवायच्या फळीवर वरचा पदर चिकटवलेला होता, नुकताच पाठकागद लावलेला, अजून ओलसर. गोंग चहा ओतत म्हणाला, चित्र तुझ्याकडेही आहेच की, तुझं गेलं काय? आणि म्हाताऱ्याला आता कुठे दिसतंय?

"त्यांनाच दिसलं," ती म्हणाली. "आंधळा झालो म्हणून बसलेत घरी. हे वाळलं की तूच घेऊन चल."

ती तिथेच स्टूल ओढून बसली. त्याच्या चहाला शिवली नाही. येईल त्या गिऱ्हाइकाला तिने सगळं रामायण ऐकवलं, तेव्हा कुठे संध्याकाळी गोंग वाळलेला पदर घेऊन निघाला.

घरी म्हाताऱ्याचं बोट थेट दारावर गेलं. ते हसले नाहीत. लेकीकडून सगळं ऐकून घेतलं, मग गोंगचा हात धरून चित्रावर ठेवला.

"तुझं घर कुठलं? दाखव."

गोंगचं बोट पायऱ्या चढलं, उतरलं, पुन्हा चढलं.

"सोललंस तेव्हाही शोधलं नाहीस?" म्हाताऱ्याने विचारलं, आणि त्याचा हात सोडून दिला.