शून्य मीटर आणि एक घोट

मी निळा, इनॅमलचा मग. वेलिंग्टनजवळच्या पोरिरुआतल्या एका स्वयंपाकघरात खिळ्याला टांगलेला असतो. माझ्यासारख्याने तोंड उघडावं असं आयुष्यात एकदाच घडलं; तेवढंच सांगतो.

जन्म कारखान्यातला, त्यात सांगण्यासारखं काही नाही. सालोमेबाईंनी मला आणलं ते कोकोसाठी. सामोआच्या माणसांचा कोको दाट, तळाशी चोथा उरणारा. पुढे त्यांच्या लेकीचे, लुपेचे, स्नायू झिजत गेले. आधी पाय गेले, नंतर हात. माझ्यात नळी आली. आई मला धरायची, लेक ओढायची, चोथा अडकायचा.

"आई, हा कोको आहे की चिखल?"

"चिखलच आहे. गप पी."

एका चाचणीत लुपेला नवं औषध मिळालं. ते पुढे सरकारी खर्चाने द्यायचं की नाही, हे वेलिंग्टनच्या एका समितीच्या हाती होतं. चाचणी संपायला, म्हणजे फुकटचं औषध थांबायला, महिना उरला होता. समितीने या दोघींनाही बोलावलं, पाच मिनिटांसाठी.

सालोमेबाई रिकाम्या हाताने कुणाकडे जात नाहीत. कोकोचा थर्मास, गोड तळलेल्या गोळ्यांचा डबा आणि मी, असे निघालो. दारातच सचिव आडवे आले.

"क्षमा करा बाई, सभासदांना तुमच्याकडचं काही खाता येत नाही. नियम आहे."

"कुणी खाल्लं नाही तर मी बोलू कशी?"

"इथं पाहुण्या तुम्ही आहात."

"असं? आणि पाहुण्यांसाठी काय केलंय?"

सचिवांनी टेबलावरच्या पाण्याच्या भांड्याकडे पाहिलं.

अध्यक्षा डॉ. प्रुइट यांनी कागद वाचला. सहा मिनिटांत चाललेलं अंतर: औषधाआधी शून्य मीटर, औषधानंतर शून्य मीटर. फायदा: नाही. कागद इतका नेटका, की त्यात चूक शोधणं उद्धटपणाच ठरावा.

"बरोबर आहे," लुपे म्हणाली. "सात वर्षांत मी पाऊल टाकलेलं नाही. पंखही फुटले नाहीत. आई, कोको ओत."

सालोमेबाईंनी ओतला आणि सवयीने माझ्याखाली हात धरला.

"हात काढ."

"सांडेल गं."

"सांडू दे. घरी तू काढतच नाहीस."

हात निघाला. लुपेची बोटं माझ्या कानात अडकली आणि मी वर निघालो. टेबलापासून ओठांपर्यंत वीतभर अंतर. हजारो वेळा ते कापलं होतं. ते एवढं अफाट आहे हे मला माहीतच नव्हतं. ती प्यायली. वेळ संपल्याची घंटा वाजली. अकरा विद्वानांपैकी एकही हलला नाही.

"गेल्या वर्षी हे जमत नव्हतं," ती म्हणाली. ओठांवर चोथा. "तुमच्या कागदात याला रकाना नाही."

"पण हे मोजायचं कसं?" डॉ. प्रुइटनी हळूच विचारलं.

"मोजायचं काय त्यात?" सालोमेबाई डोळे पुसत म्हणाल्या. "भरायचा. ओठाला लागला की झालं."

सचिवांनी ते जसंच्या तसं लिहून घेतलं.

तीन आठवड्यांनी पत्र आलं: न चालणाऱ्यांनाही औषध मिळेल. तक्त्यात नवा रकाना होता: 'स्वतःच्या हाताने पेला ओठांपर्यंत नेता येतो का?' मी सरकारदरबारी पोचलो. भल्याभल्यांना जमत नाही ते.

परवा लुपेने मला पाडलं. टवका उडाला. आई धावत आली तर लेक हसतेय: "मी पाडला, आई! मी!"

उद्या तुमच्यापैकी कुणी अशा टेबलाशी बसलात, तर रकाने आखण्याआधी त्या माणसाला विचारा, तुला काय उचलायचंय? बस, इतकंच मागणं. कोको निवतोय. तिचा हात येतोय, आणि खाली दुसरा हात नाही.