घरटी एक माणूस

पाऊस थांबला की ओहोळ बांधायचा, हे मासवणजवळच्या त्या पाड्यावर कुणाला सांगावं लागत नसे. घरटी एक माणूस यायचा. दगड, माती आणि पळसाचे फाटे टाकून पाणी अडवलं की दुपारी सगळ्यांनी मिळून भात नि सुकटीचं कालवण खायचं. त्या पाण्यावर वाल आणि मिरची पिकायची, बाया ती मनोरच्या बाजारात विकायच्या आणि कुणाला वीटभट्टीवर जावं लागत नसे. गाव करी ते राव न करी म्हणतात, ते काही उगाच नाही.

या कामाची हाळी जमुना द्यायची. तिच्या हाकेला पाड्यात मान होता आणि तिला त्याचा अभिमानही होता.

मग बोईसरच्या एका कंपनीतून धीरज सर आले. गावांचा विकास करणं हीच त्यांची नोकरी. माणूस वाईट नव्हता, चांगलाच होता, आणि चांगल्या माणसापासून जपून राहायला आपल्याला कुणी शिकवत नाही. चिखलात राबणारी माणसं बघून त्यांना कळवळा आला.

"जमुनाताई, फुकट कशाला राबता? आम्ही मजुरीचा रोज देऊ."

जमुना हरखली. आपलंच काम, आपल्याच पाण्यासाठी, आणि वर पैसे! घरोघर फिरून तिनेच ही बातमी सांगितली. त्या वर्षी एकेका घरातून तिघे-तिघे आले. दुपारी जो तो आपापला डबा उघडून बसला. कंपनीने ओहोळावर 'लोकसहभागातून विकास' अशी पाटी ठोकली.

अशी दोन वर्षं गेली. तिसऱ्या वर्षी कंपनीची योजना दुसऱ्या तालुक्यात गेली आणि रोज बंद झाला. धीरज सर फोनवर कौतुकाने म्हणाले, "आता तुम्ही स्वावलंबी झालात, ताई."

जमुनाने हाळी दिली. तिचा दीर अंकुश तेवढा दारात आला.

"रोज किती, वयनी?"

"रोज नाय. आपला ओहोळ हाय."

"मंग दोन वरसं कोनाचा होता?"

ती ओहोळावर गेली. शेजारची म्हातारी रंभाबाई तेवढी मागोमाग आली. दोघींनी दिवसभर दगड रचले. संध्याकाळी पाणी एका बाजूने वाट काढून सूर्या नदीकडे निघून गेलं. दुसऱ्या दिवशी त्या दोघीही गेल्या नाहीत.

त्या हिवाळ्यात वाल झाला नाही. अर्धा पाडा भट्टीवर गेला. जमुना बोईसरला औषधांच्या कारखान्यात पॅकिंगला लागली. सकाळी जीप न्यायची, अंधार पडताना आणून सोडायची. तिथला वास पहिल्या आठवड्यात डोक्यात चढायचा. पुढे तो येईनासा झाला. पुढे पुढे तिला बऱ्याच गोष्टींचं काही वाटेनासं झालं. वाईट वाटतं का, असं कुणी विचारलं असतं तर ती नाही म्हणाली असती, आणि ते खरंच होतं.

एका रविवारी संध्याकाळी रंभाबाई आली. तिच्या घराची कुडाची भिंत एका अंगाने पडली होती.

"उद्या लिपायला येशील गो? एकटीला जमत नाय."

जमुना कपडे वाळत घालत होती. हात न थांबवता तिने विचारलं, "उद्या माझा खाडा पडंल, रंभाबाय. रोज देशील काय?"

म्हातारी "बरं" म्हणाली आणि गेली.

आपण काय बोललो, ते जमुनाला नीट ऐकू आलं होतं. आता लाज वाटेल म्हणून ती दोरीपाशी थांबली. काहीच वाटलं नाही. तिने बादलीतलं पुढचं लुगडं पिळलं.

सकाळी जीप रंभाबाईच्या अंगणावरून गेली. म्हातारी एकटीच ओणवी होऊन कुडाला चिखल लावत होती. जमुनाने तिच्याकडे पाहिलं आणि जीपमधल्या शेजारच्या बाईला नीट बसायला जागा व्हावी म्हणून जरा सरकून घेतलं.