गुंड्याच्या नावावर

आमच्या लाँड्रीत एक नियम आहे. डाग कशाचा, ते गिऱ्हाइकाला विचारायचं नाही. कपडा उलटापालटा करून बघायचा, वास घ्यायचा, डागाभोवती खडूनं गोल काढायचा आणि "परवा मिळेल" म्हणायचं. मालकीणबाई म्हणतात, कपड्याची लाज आपण धुतो, माणसाची त्याच्याकडेच राहू द्यावी. इतकी वर्षं हेच करत आल्यामुळे माझ्या नाकाला सगळं कळतं आणि तोंड बंद राहतं. घरीही तसंच झालं.

गुंड्या म्हणजे आमचा बोका. पुरता वर्षाचाही नव्हता. नवऱ्यानं वर्कशॉपच्या मागून उचलून आणला तेव्हा मुठीत मावायचा, आणि आल्या आल्या बाबांच्या चपलेवर जाऊन झोपला. बाबा म्हणजे माझे वडील. आई गेल्यापासून आमच्याकडे असतात. जन्मभर शाळेत कवायत शिकवली, त्यामुळे अजूनही खुर्चीत बसतात ते पाठ न टेकता. सुरुवातीला त्यांनी नाक मुरडलं. मग थोड्याच दिवसांत, "सावधान म्हटलं की हा शेपटी ताठ करतो," असं येणाऱ्याजाणाऱ्याला सांगू लागले. गुंड्या शेपटी कधीही ताठ करायचा, पण त्यांना सांगणार कोण?

मग तो वाळूचा ट्रे सोडून भलतीकडे करायला लागला. पायपुसण्यावर, इस्त्रीच्या कपड्यांवर, आणि एकदा नवऱ्याच्या कामाच्या बुटात. बुटावरून नवऱ्यानं घर डोक्यावर घेतलं. मी गुंड्याला जनावरांच्या डॉक्टरीणबाईंकडे नेलं. त्यांनी लघवी तपासली, त्यात काही निघालं नाही. मग विचारलं, ट्रे कुठे ठेवता?

"वॉशिंग मशीनच्या शेजारी."

"आणि मशीन चालू झालं की?"

"धडधडतं जरा."

"तुम्ही बसाल का तिथे?"

वाळूही आम्ही गुलाबाच्या वासाची आणत होतो. ती बदलली, ट्रेचं झाकण काढलं, आणि ट्रे बाबांच्या खोलीबाहेरच्या शांत कोपऱ्यात ठेवला. बोका सुधारला. इतका, की काम उरकल्यावरही उकरत बसायचा, पुरावा पुरता नाहीसा झाल्याशिवाय हलायचा नाही.

आणि मग एका सकाळी बाबांच्या पलंगाजवळचा गालिचा ओला सापडला.

"काय रे गाढवा! पुन्हा?" बाबा मैदानावरच्या आवाजात ओरडत होते. गुंड्या उशीवर बसून पंजा चाटत होता. नवरा दात घासता घासता डोकावला. "याची खोड काही जायची नाही," म्हणाला आणि गेला.

मी गालिचा उचलला आणि मोरीकडे नेता नेता सवयीनं नाकाशी धरला. बोक्याचा वास नाकात तिखट घुसतो, डोळ्यांत पाणी आणतो. हा तसा नव्हता. हा वास लाँड्रीत येणाऱ्या काही रजयांना असतो. त्या रजया माणसं पिशवीत अगदी खाली दडपून आणतात आणि काउंटरवर ठेवताना दुसरीकडे बघतात. मी गालिचा धुतला, वाळत टाकला, आणि काही विचारलं नाही.

त्या दुपारी बाबांनी ताटातला माशाचा मधला तुकडा हळूच गुंड्यासमोर टाकला. पुढे तसा शिरस्ताच पडला. सकाळी बोक्याला शिव्या, दुपारी मासा. शिव्या खाऊन खाऊन गुंड्या चांगला गलेलठ्ठ झाला. मला हसू यायचं, पण ते टिकायचं नाही.

कारण बाबा कशाला घाबरतात ते मला ठाऊक होतं. माझ्या काकांना, त्यांच्या थोरल्या भावाला, मुलांनी अंथरूण ओलं होतं म्हणून वृद्धाश्रमात ठेवलं. बाबा भेटायला गेले होते. परत आले ते दारातच म्हणाले, "तिथे त्याला नावानं कुणी हाक मारत नाही गं. खाटेचा नंबर सांगतात." त्या वेळी नवरा सहज बोलून गेला होता, "त्या पोरांनी तरी काय करायचं? त्यांनाही संसार आहेत." नवरा वाईट माणूस नाही. पण ते वाक्य बाबांनी ऐकलं होतं आणि मीही.

मी कितीदा तरी त्यांच्या दारात जाऊन उभी राहिले. बाबा, आपण डॉक्टरांकडे जाऊ, या वयात होतं, औषध असतं त्याला, एवढंच म्हणायचं होतं. ते खुर्चीत ताठ बसून माझ्याकडे बघायचे, वर्गात चोरी झाल्यावर पोरं बघतात तसे. मी म्हणायची, "चहा ठेवू?" ते म्हणायचे, "ठेव."

एका संध्याकाळी नवरा कामावरून आला आणि सोफ्यावर बसला. बसला तसाच उठला. दुपारी तिथे बाबांचा डोळा लागला होता.

"बस्स," तो म्हणाला. पँटचा मागचा भाग ओला होता. "आता एक तर तो बोका राहील, नाहीतर मी."

लाँड्रीतल्या इस्त्रीवाल्याचा भाऊ गोदामाची राखण करतो. तिथे उंदरांनी उच्छाद मांडला होता. गुंड्याला तिकडे द्यायचं ठरलं. ठरवलं नवऱ्यानं, आम्ही बापलेक मूग गिळून बसलो. एक वाक्य पुरलं असतं. मी बाबांकडे बघितलं, ते गुंड्याकडे बघत होते, आणि गुंड्या नवऱ्याच्या पायाला अंग घासत होता.

जायच्या दिवशी ट्रे बाबांनी स्वतः घासला. फडक्यानं कोरडा केला, वाळूची पिशवी गाठ मारून वर ठेवली. "त्यांना सांग, धडधडतं काही शेजारी असलं की तो बसत नाही. आणि वासाची वाळू नको." मग गुंड्याला ठेवलेल्या टोपलीच्या जाळीतून बोट आत घालून म्हणाले, "शहाण्यासारखा राहा." आवाजात कवायत राहिली नव्हती.

मला त्यांचा इतका राग आला, की टोपली तिथेच आपटावीशी वाटली. "ज्यानं केलं असेल त्यानं पुढे यावं," असं पोरांना जन्मभर सांगत आलेला माणूस एवढ्याशा बोक्याच्या मागे लपला होता. आणि लपायला जागा मी करून दिली होती. मी टोपली उचलली आणि निघाले.

त्यानंतर काही दिवस सगळं कोरडं होतं. मग लक्षात आलं, बाबा उन्हं कलली की पाण्याचा घोटही घेत नाहीत. त्यांचे ओठ फुटले होते. उशाशी ठेवलेला तांब्या सकाळी तसाच भरलेला असायचा. मासा ताटात पडून राहायचा.

लाँड्रीत इस्त्रीवाला मला टाळू लागला. शेवटी मीच त्याला गाठलं.

"ताई, तो पहिल्याच दिवशी झरोक्यातून पळाला हो," तो इस्त्रीकडे बघत म्हणाला. "भावानं खूप शोधला. समोर मोठा रस्ता आहे, रात्रंदिवस ट्रक..." पुढचं मी विचारलं नाही. घरी येऊन मी हे कुणालाच सांगितलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी बाबांच्या खोलीतून आवाज आला नाही म्हणून मी आत गेले. ते पलंगाच्या काठावर बसले होते. ताठ, मांडीवर टॉवेल. मागे चादर ओली होती.

"रात्री गुंड्या आला होता," ते म्हणाले.

माझ्या मागे नवरा उभा होता, ब्रश तोंडात. त्यानं बंद खिडकीकडे बघितलं. बाबांच्या लेंग्याकडे बघितलं. मग माझ्याकडे. त्याला सगळं कळलेलं मला दिसलं. तो मोरीवर गेला, चूळ भरून परत आला आणि बाबांच्या शेजारी बसला, त्या ओल्या चादरीवरच.

"आला असेल," तो म्हणाला. "तिकडे करमत नसणार त्याला. मी आज कामावरून परस्पर जातो आणि घेऊनच येतो."

बाबांनी त्याच्याकडे वळून बघितलं. "खरंच?"

"खरंच. आणि मग उद्या आपण दोघं डॉक्टरांकडे जाऊन येऊ. सहज. तुम्ही काळजी करू नका, तुम्ही इथेच राहायचंय."

"त्या पोराचा काही दोष नव्हता रे," बाबा म्हणाले आणि रडू लागले. इतक्या वर्षांत पहिल्यांदा त्यांची पाठ वाकलेली मी बघितली.

"मला कळलं," नवरा म्हणाला.

मी चादर ओढून घेतली, गोळा करून छातीशी धरली. बाबांनी डोळे पुसले, भिंतीला धरून उठले आणि दाराबाहेरचा कोपरा झाडायला लागले. तिथे ट्रे ठेवायचा होता.

"इस्त्रीवाल्याला सांगून ठेव गं," नवरा म्हणाला. "संध्याकाळी येतोय म्हणावं त्याला न्यायला."

बाबा केरसुणी हातात धरून माझ्याकडे बघत होते. चेहरा इतका उजळला होता, की मला तिकडे बघवेना.

"सांगते," मी म्हणाले.