घुबडमाळाची नाडी

नाशिकच्या एका मोठ्या कचेरीत समिती नेमली गेली. नाव ऐकूनच माणसाला दम लागावा असं होतं: अतिउंच भाग मानवी वस्ती योग्यता तपासणी समिती. सन दोन हजार दोन, पौषाचा महिना. समितीत तिघं. एक साहेब. ते गंगापूर रोडला चौथ्या मजल्यावर राहायचे आणि लिफ्ट बंद पडली की रजा टाकायचे. दुसरे डॉक्टर. यांनी पांडवलेणी आयुष्यभर पाहिली होती, पण खालून, रसवंतीत बसून. तिसरा कारकून, त्याला कोणी काही विचारत नव्हतं. तर या तिघांनी ठरवायचं होतं की सुरगाण्याच्या डोंगरावर माणसाला राहता येतं की नाही.

त्या डोंगरावरच्या घुबडमाळ पाड्यावर बत्तीस घरं होती. लोक तिथं जन्मत होते, नागली पिकवत होते, लग्नं करत होते, मरत होते. हे सगळं करायला आधी कुणाला विचारायचं असतं, हे बिचाऱ्यांना ठाऊकच नव्हतं.

गोजराबाईला मात्र ही समिती देवानं धाडल्यासारखी वाटली. तिची सून छाया सहा महिन्यांची गरोदर होती. पहिल्या खेपेला छायाला झोळीत घालून खाली उतरवताना मधल्या खडकावरच बाळ झालं. रस्त्याला लागेपर्यंत ते गेलं. गोजराबाईनं ते पदरात गुंडाळून खाली नेलं आणि तसंच परत वर आणलं. त्या दिवसापासून तिच्या डोक्यात दुसरं काही शिरतच नव्हतं. घर खाली पाहिजे, डांबरी रस्त्याला लागून पाहिजे, आणि छायाच्या कळा सुरू व्हायच्या आत पाहिजे.

पाड्याचा पोलीस पाटील सहादू तालुक्याहून बातमी घेऊन आला. जो पाडा राहायला अयोग्य ठरेल त्याला खाली रस्त्याकडेला जागा मिळणार. अयोग्य कसं ठरवतात? तर नाडी धरतात, श्वास मोजतात. माणसं जितकी धापा टाकतील तितका पाडा अयोग्य.

झालं. गोजराबाईनं दुसऱ्या दिवसापासून अख्ख्या पाड्याला धापा टाकायची शिकवणी लावली. पण मेली धाप काही येईना. दिवसातून तीनदा झऱ्यावर उतरून डोक्यावर दोन हंडे घेऊन चढणाऱ्या बायका त्या, त्यांना धाप यावी कुठून? म्हातारी चिमणाबाई धाप टाकायला तोंड उघडायची आणि हसत सुटायची. सहादू अंगणात बसून हा-हा करायला लागला की कुत्री कान टवकारून त्याच्याकडे बघत बसायची. गोजराबाई चिडली. तुम्हाला मेल्यांना साधं दमता येत नाही, तर सरकार जागा कशाला देईल, म्हणून तिनं सगळ्यांची बिनपाण्यानं केली.

इकडे नाशिकला साहेबांच्या कानात भलतंच सांगून ठेवलेलं होतं. रस्त्याकडेची ती जागा कुणाच्या तरी फार्महाऊसला गेलेली, तेव्हा एकही पाडा अयोग्य निघता कामा नये. समितीच्या जीपचा ड्रायव्हर झुंबर हे मागाहून सगळ्यांना सांगत फिरला. म्हणजे बघा, पाड्यानं दमायचं होतं आणि समितीनं दमायचं नव्हतं. दोघांनाही आपापलं काम जमण्यासारखं नव्हतं.

समितीची जीप अकरा वाजता डोंगराच्या पायथ्याला थांबली. साहेबांनी वर पाहिलं, मग गॉगल काढून परत वर पाहिलं. आणि नेमकं इथंच घुबडमाळाचं नशीब फिरलं. ठरलं होतं असं की सगळ्यांनी वरच थांबायचं, दारात बसून कण्हायचं. पण पाहुणे पायथ्याला उभे, हातात बॅगा, आणि आपण वर बसून राहायचं? गोजराबाईला ते बघवेना. ती दहा माणसं घेऊन तरातरा खाली उतरली. डॉक्टरांची मशिनची पेटी तिनं डोक्यावर घेतली, साहेबांची बॅग काखेत मारली. शेवटच्या चढाला साहेबांचे पाय उचलेनात, तेव्हा सहादूनं त्यांना पाठुंगळी घेतलं. साहेब पाठीवर बसल्या बसल्या म्हणत होते की हवा काय सुंदर आहे, फक्त एका वाक्याला त्यांना तीनदा थांबावं लागत होतं.

नर्स लताबाईही सोबत होती. महिन्यातून दोन बुधवारी ती वर यायची, वाटेत चार ठिकाणी बसून. बाई गुणाची, छायाला जपायची, पण डोंगराला शिव्या द्यायची ती द्यायचीच.

वर पोचल्यावर गोजराबाईनं पेटी उतरवली, चूल फुंकली, सगळ्यांना चहा दिला आणि मग डॉक्टरांसमोर बसून हात पुढे केला. डॉक्टरांची बोटं मनगटावर टेकली तेव्हा कुठं तिला आठवण झाली. घाईघाईनं तिनं दोन मोठे श्वास सोडले, पण तोवर डॉक्टर मोजून बसले होते. बहात्तर. त्यांनी घड्याळ कानाला लावून पाहिलं, परत मोजलं. परत बहात्तर. फॉर्ममध्ये बाहेरून आलेल्या माणसांचाही रकाना होता, म्हणून साहेबांची मोजली. एकशे अडतीस. लताबाईची एकशे सव्वीस. डॉक्टरांनी स्वतःची बराच वेळ धरून ठेवली, आकडा काही सांगितला नाही.

गोजराबाईनं कपाळाला हात लावला. पंधरा दिवस लोकांना शिकवलं आणि ऐन वेळी स्वतःच विसरली.

दीड महिन्यानं नाशिकला बोलावणं आलं. गोजराबाई आणि सहादू आधी जीपनं, मग एसटीनं सीबीएसच्या स्टँडवर उतरले आणि विचारत विचारत कचेरीत पोचले. छाया आता अवघडली होती. सगळा प्रवास गोजराबाई एकच हिशेब करत आली, की आज जागा मिळाली तर कुडाचं घर उभं करायला आठ दिवस पुरतील.

साहेबांनी अहवाल वाचून दाखवला. घुबडमाळ हे ठिकाण स्थानिक लोकांना राहण्यास अत्यंत योग्य, लोकांची प्रकृती उत्कृष्ट. सबब खाली जागा देण्याची गरज नाही. पुढच्या पानावर होतं की सदर ठिकाण शासकीय कर्मचाऱ्यांच्या प्रकृतीस अपायकारक आहे. सबब शिक्षक आणि नर्स यांच्या फेऱ्या एक तारखेपासून बंद. दोन्ही निष्कर्ष आकड्यांवर काढलेले, तेव्हा चूक दाखवायला कुठं बोट शिरत नव्हतं. साहेबांना अहवालाचा अभिमान वाटत होता. लताबाईलाही बोलावलेलं, ती तिथंच होती. तिला वाईट वाटलं, डोळ्याला पदरही लावला तिनं, पण डोंगर चढेन असं काही म्हणाली नाही.

गोजराबाई जागा मागायला आली होती, ती तर गेलीच, वर होती ती नर्सही गेली. ती टेबलाशी गेली.

"साहेब, गेल्या साली नातू गेला माझा, मधल्या खडकावर. त्याची नाडी कुणी धरली नाय. सून आता दिवसात हाय. तिला कोण?"

साहेब काही दगड नव्हते. त्यांनाही वाईट वाटलं, आणि साहेब लोकांना वाईट वाटलं की ते लगेच काहीतरी मंजूर करतात. त्यांनी अहवाल परत चाळला. सबंध पाड्यात सगळ्यात उत्तम नाडी कुणाची? गोजराबाईची. ओझं घेऊन चढली तरी बहात्तर. अशी सुदृढ बाई गावातच असताना बाहेरून नर्स कशाला? कारकुनानं उभ्या उभ्या कागद टाईप केला. गोजराबाई, घुबडमाळाची मानद आरोग्यसेविका, बिनपगारी. अंगठा घेतला. एक पिशवी दिली. तिच्यात कात्री, दोरा, थर्मामीटर, जांभळ्या औषधाची बाटली आणि एक पुस्तक, गोजराबाईला न वाचता येणारं. शिपायानं गुलाबाचं फूल आणून दिलं आणि डॉक्टरांनी टाळ्या वाजवल्या.

मोठ्या माणसांनी दिलेलं परत कसं करायचं, म्हणून तिनं घेतलं. एसटीत पिशवी मांडीवर ठेवून सहादूला तिनं बजावलं की यातलं छायाच्या कानावर एक अक्षर जाता कामा नये. पोर घाबरून जाईल.

चैत्रात, भर दुपारी, छायाला कळा सुरू झाल्या. नवरा नवनाथ निफाडला द्राक्षाच्या मळ्यात कामाला होता. झोळीतून न्यावं म्हटलं, तर कळा इतक्या जवळजवळ येत होत्या की मधला खडक गाठेपर्यंतसुद्धा निभणार नव्हतं, आणि त्या खडकाचं नाव काढायची गोजराबाईची हिंमत नव्हती. छायानं बाजेचा पाय धरून ठेवला होता. फेऱ्या बंद झाल्याचं तिला कुणी सांगितलंच नव्हतं; तिला वाटत होतं, आज नर्सचा बुधवार आहे.

"आत्याबाई, नर्सबाई आली का?"

गोजराबाईनं हात धुतले, पिशवी उघडली. पुस्तक काढून बाजूला ठेवलं. मग सुनेच्या पायाशी बसली.

"आली," ती म्हणाली. "बाई आली. आता जोर लाव."